अकराव्या रिळाचा डबा

१

डबा जागेवर नव्हता.

दहावं रीळ संपलं तसा पुंजारामने भिंतीवरचा दिवा लावला आणि कारभारीअण्णांनी मान न वळवताच मागच्या स्टुलावर हात ठेवला. हाताला उपरणं लागलं. उपरण्याखाली अकराव्या रिळाचा पत्र्याचा डबा असायला हवा होता. हात उपरण्यावर इकडून तिकडे फिरला, मग स्टुलाखाली गेला.

“डबा कुठंय?” अण्णा म्हणाले. “पुंजा, माझा डबा कुठंय?”

टेंभुर्णीच्या त्या मंगल कार्यालयात गावातली आणि आमची मिळून चाळीसएक माणसं होती. सिनेमातला खुनी पकडला जातो की निसटतो, ते पुढच्या दहा मिनिटांत कळणार होतं. पण जे रीळ बघायला आम्ही जालन्याहून गाडी करून आलो होतो, तेच भर दुपारी, एवढ्या माणसांच्या पाठीमागून कुणीतरी उचललं होतं. मला तर खरंच धक्का बसला. तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये मी बत्तीस वर्षं काढली, गहाळ झालेल्या फायली खूप बघितल्या. पण फाईल गहाळ व्हायला निदान एखादी सुट्टी तरी लागते.

मी जगन्नाथ. या गोष्टीत माझं काम बायकोच्या मागे पिशवी धरून उभं राहणं एवढंच. बायको अरुंधती, निवृत्त चित्रकला शिक्षिका आणि जालन्याच्या आमच्या चित्रपट मंडळाची सर्वेसर्वा. मंडळ म्हणजे बारा निवृत्त माणसं आणि चहाचा एक मोठा थर्मास. तिला जुन्या काळ्या-पांढऱ्या गुन्हेपटांचं वेड. ते कसे बघायचे याचे तिचे तीन नियम आहेत आणि प्रत्येक खेळाआधी ती ते वर्गात ऐकवावेत तसे ऐकवते. उजेडात काय आहे ते सगळेच बघतात, तुम्ही अंधारात काय आहे ते बघा. कोण काय बोलतो यापेक्षा कोण कुठून उठत नाही ते बघा. आणि तिसरा नियम, आपण स्वतः कुठे बसून बघतोय ते विसरू नका.

तिसरा नियम मला कधीच कळला नव्हता. त्या दिवशी कळला.

२

सिनेमाचं नाव ‘थांबलेला लंबक’. सत्तर वर्षांपूर्वीचा. त्याची एकच प्रत उरली होती, ती कारभारीअण्णांच्या घरी, धान्याच्या कोठीशेजारी. अण्णांचा पूर्वी तंबूचा सिनेमा होता. पिंपळगाव रेणुकाईच्या जत्रेपासून तीर्थपुरीच्या बाजारापर्यंत त्यांनी हा सिनेमा गावोगाव दाखवला. आता वय ब्याऐंशी. काचबिंदूने एक डोळा गेलेला, दुसरा जायच्या वाटेवर. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाचे लोक सिनेमा न्यायला येणार होते, पण अकराच्या अकरा रिळं असतील तरच. म्हणून हा शेवटचा खेळ.

अण्णांनी पडदा जुन्या तंबूसारखाच लावून घेतला होता, दालनाच्या बरोबर मध्ये. तंबूत यंत्राच्या बाजूला पुरुष बसायचे आणि पडद्यापलीकडे बायका. मांजरपाटाच्या कापडातून पलीकडेही चित्र दिसतं, फक्त उलटं. आलेल्या सगळ्या बायकांनी पलीकडे बसायला साफ नकार दिला. त्यामुळे तिकडे एकट्या गोजरबाई, अण्णांच्या बायको. त्यांनी खुर्चीसुद्धा नको म्हटलं. फरशीवर गोणपाट टाकून, पडद्याकडे तोंड करून बसल्या.

“म्या पन्नास वर्सं इथंच बसल्ये,” त्या म्हणाल्या. “आता शेवटच्या दिशी कुठं जाऊ?”

खेळाआधी नवरा-बायकोचं एक भांडणही आम्हाला ऐकायला मिळालं. या सिनेमातला खुनी एका हाताचा आहे. नऊ रिळं तो अंधारात असतो, दहाव्या रिळात एका लॉजच्या दारात पहिल्यांदा उजेडात येतो, तेव्हा त्याची एक बाही रिकामी लोंबताना दिसते.

“उजवी बाही,” अण्णा म्हणाले.

“डावी,” पडद्यामागून आवाज आला.

“पन्नास वर्सं झाली, ही डावीच म्हणून राह्यली!”

“मंग? डोळ्यानं बघितलेलं खोटं बोलू काय?”

सगळे हसले. मीही हसलो. अरुंधती हसली नाही, तिने वहीत काहीतरी लिहिलं. ती नेहमीच लिहिते, त्यामुळे मी दुर्लक्ष केलं.

मध्यंतरात अण्णा उभे राहून चार शब्द बोलले. त्यांच्याकडे एकच यंत्र, म्हणून दर रिळानंतर दिवा लागायचा आणि पुंजाराम नवीन रीळ चढवायचा. हा पुंजाराम चाळीस वर्षांपासूनचा त्यांचा जोडीदार, बैलगाडी होती तेव्हापासूनचा. सकाळी त्याने दहा डबे डोक्यावरून आणले होते. अकरावा मात्र अण्णांनी त्याला शिवू दिला नाही. तो त्यांनी स्वतः रिक्षात मांडीवर घेऊन आणला, वरून चिकटपट्टी मारून. ‘उघडीन तं म्याच,’ असं बजावलंही होतं.

“अकरावं रीळ बघितलं,” अण्णा मध्यंतरात म्हणाले, “का माझं बघणं संपलं. मंग कुणी मला हाक मारायची न्हाई.”

आम्ही टाळ्या वाजवल्या. आजही ते आठवलं की माझे हात जड होतात.

३

“बाहीर कुणी जायचं न्हाई!” सोमेश्वर दारात आडवा उभा राहिला. हा अण्णांचा मुलगा. गावात बी-बियाणांचं दुकान, आवाज तसाच मोठा.

अण्णा मात्र एकाच माणसाकडे तोंड करून बसले होते. “पुंजा. माझ्या हाताच्या अंतरावर तूच होता. दुसरं कोण?”

“अण्णा, म्या?” पुंजारामने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. सत्तरीचा माणूस, मशीनच्या तेलाने बोटं काळी झालेली. “म्या तं यंत्राला धरून उभा होतो. दहावं रीळ जुनं झालंय, सारखं सुटून राह्यलं. दोन्ही हात गुतलेले.”

“चाळीस वर्सं माझं मीठ खाल्लं अन् शेवटच्या दिशी चोरी केली. सोम्या, पोलिसांना फोन लाव.”

पुंजाराम मटकन खाली बसला. पोलिसांचं त्याला काही वाटलं नसावं, पण हे बोललं कोण, ते त्याला सोसलं नाही. मला अण्णांचा असा संताप आला! पण अरुंधती माझ्या कानाशी आली आणि भलतंच बोलली.

“अहो, ते रिळाबद्दल विचारतच नाहीत. लक्ष दिलंत का? मघापासून ‘डबा, माझा डबा, डबा कुणी उघडला’ चाललंय.”

“रीळ डब्यातच असतं, अरुंधती.”

“हं,” ती म्हणाली, आणि सोमेश्वरकडे गेली. “फोन अर्ध्या तासाने करा. अर्ध्या तासात मी डबा शोधून देते. नाही सापडला तर खुशाल करा.”

मी पिशवी घट्ट धरली. अर्ध्या तासात! ही बाई मला कधी ना कधी पोलीस ठाण्यात बसवणार याची मला लग्नापासून खात्री आहे.

दहाव्या रिळाच्या अंधारात जागेवरून हललेले दोनच जण निघाले. राधेश्याम, जालन्याचा जुन्या सामानाचा व्यापारी, फोन आला म्हणून व्हरांड्यात गेला होता. आणि सोमेश्वर जनरेटर बघायला.

“मॅडम, मला यंत्र पाहिजे, पोस्टर पाहिजेत,” राधेश्याम हात पसरून म्हणाला. “एक रीळ घेऊन मी काय करू? अधुरी चीज कोण घेतंय? आणि मी गेल्तो बाहेर, बरोबर आहे, पण त्या माणसाची रिकामी उजवी बाही दिसली तेव्हा मी परत खुर्चीत होतो. बिलकुल बघितलं मी.”

“सोमेश्वर, तुम्ही?”

“म्या बी आल्तो लगेच. दारातूनच बघितलं.”

“काय बघितलं?”

“काय म्हंजे? तो लॉजमधून निघतो, डावी बाही रिकामी.”

मी ताडकन उभा राहिलो. डावी! पडद्याच्या या बाजूने बघणाऱ्या सगळ्यांना उजवी दिसली होती. डावी दिसते फक्त पलीकडून, जिथे चित्र उलटं असतं. म्हणजे सोमेश्वर दारात नव्हता. तो पडद्यामागे होता आणि आमच्याशी खोटं बोलत होता!

४

“तुम्ही पडद्यामागे होतात,” मी म्हणालो. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

सोमेश्वरचा चेहरा आधी तांबडा झाला, मग त्याला एकदम हसू आलं, आणि ते हसू रडण्याच्या फार जवळचं होतं. “काका, म्या सात वर्साचा होईस्तोवर मायच्या मांडीवर बसून हाच पिच्चर बघितला. पडद्यामागूनच. आज काय बघितलं सांगू? दारात आलो तवा तो माणूस पाठमोरा झाल्ता. पर माझ्या डोक्यात त्याची डावीच बाही रिकामी हाय. मायनं बघितलं ते म्या बघितलं.”

मी खाली बसलो. आता चोर पुन्हा एकटा पुंजारामच उरला होता. तो भिंतीला टेकून बसला होता, त्याने स्वतःची पिशवी सगळ्यांसमोर उलटी करून ठेवली होती. त्यात विडीचं बंडल, एक पाना आणि अण्णांच्या डोळ्यांच्या थेंबांची बाटली. दर दोन तासांनी तोच त्यांच्या डोळ्यात थेंब घालायचा. मला ते बघवेना.

तेवढ्यात पडद्यामागून गोजरबाईंचा आवाज आला. थकलेला.

“आवो, ऐकता का? त्या पुंज्याला नका बोलू. अन् तुमचंच बराबर हाय. उजवीच बाही. म्या हारले. झालं? आता घरी चला.”

मंडळातल्या दोघी-तिघींनी डोळे पुसले. नवरा खचलेला बघून बाईने पन्नास वर्षांचं भांडण सोडून दिलं, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं.

अरुंधतीचा हात माझ्या मनगटावर पडला.

“अहो,” ती कुजबुजली, “दिवा लागल्यापासून एवढा गोंधळ चाललाय. नवऱ्याचा जीव चालल्यासारखा आवाज येतोय. गोजरबाई एकदा तरी उठून इकडे आल्या का?”

“गुडघे दुखत असतील त्यांचे.”

“सकाळी त्यांनी स्वतः पडदा बांधला, शिडीवर चढून.”

५

पडद्यामागे गोजरबाई गोणपाटावर मांडी घालून बसल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, काटक बाई. आम्ही दोघं त्यांच्यासमोर फरशीवरच बसलो. पलीकडची माणसं पडद्यावर सावल्या होऊन हलत होती.

“गोजराआत्या,” अरुंधती हळू आवाजात म्हणाली, “त्या लॉजच्या दारावर पाटी आहे. तिच्यावर काय लिहिलंय?”

“निवांत लॉज,” त्या लगेच म्हणाल्या.

“सिनेमात हे नाव कुणी तोंडाने घेत नाही. फक्त पाटीवर दिसतं. इथून ती पाटी उलटी दिसते, वाचता येत नाही. तुम्ही ती आज वाचलीत. उजवी बाहीसुद्धा तुम्ही आजच बघितलीत. तुम्ही दहाव्या रिळाच्या वेळी इथे नव्हतातच.”

गोजरबाई पदराशी चाळा करत राहिल्या. मला वाटलं, आता ओरडतील, नाही म्हणतील. मनातून मला तेच हवं होतं. स्वतःच्या नवऱ्याची आयुष्यभराची शेवटची इच्छा चोरणारी बाई माझ्या डोक्यात बसत नव्हती.

“कडंच्या दारानं निंगाले,” त्या म्हणाल्या. “व्हरांड्यातून यंत्रामागं गेले. दोघंबी त्या सुटणाऱ्या रिळात गुतलेले. डबा उचलला. अन् उचलता उचलता वर बघितलं, बाई. सहजच. पन्नास वर्सात पैल्यांदा सरळ पिच्चर बघितला. अक्षरं बी सरळ. पाय निंगंना माझे तिथून.”

मग त्या उठल्या. गोणपाट बाजूला केलं. त्याखाली घडी केलेलं पोतं आणि पोत्याखाली अकरावा डबा. चाळीस माणसं शोधत होती तेव्हा त्या त्याच्यावर बसून होत्या.

“पण का?” मी विचारलं.

गोजरबाईंनी झाकण काढलं. रीळ होतं. रिळाच्या मधोमध, कागदात घट्ट बांधलेली एक पुडी होती. तिच्यात काय होतं ते मी लिहिणार नाही. शेतकऱ्याच्या घरात ते कोनाड्यात असतं आणि लेकरांना तिकडे जाऊ देत नाहीत.

मध्यंतरातलं अण्णांचं बोलणं कानात वाजायला लागलं. अकरावं रीळ बघितलं का माझं बघणं संपलं, मंग कुणी हाक मारायची न्हाई. आणि आम्ही शिकलेसवरलेले लोक, काळोखात काय आहे ते बघायला शिकलेले, आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

“पुडी सकाळी कोनाड्यात नव्हती,” गोजरबाई म्हणाल्या. “म्या इचारलं, तं म्हणले उंदरासाठी घेतली. अन् डबा काही पुंज्याला शिवू देईनात. मंग ते टाळ्यावालं बोलले तवा कळलं मला. वाटलं, रीळ संपलंच न्हाई तं त्याहीचं बघणं बी संपणार न्हाई. येवढंच आलं बाई माझ्या डोक्यात. पुंज्यावर येईल हे न्हाई आलं. अन् आता सांगू कसं? चारचौघात सांगितलं तं ह्याहीची मान कायमची खाली व्हईल. न्हाई सांगितलं तं त्या गरिबाची.”

पलीकडून सोमेश्वरचा आवाज आला. “बाई, अर्धा तास झाला. म्या फोन लावतो.”

अरुंधतीने पुडी उचलली आणि माझ्या हातातल्या पिशवीत टाकली. आयुष्यात एवढं वजन मी कधी उचललं नव्हतं.

“आत्या, डबा घ्या,” ती म्हणाली. “बोलायचं किती ते तुम्ही ठरवा.”

६

गोजरबाई डबा घेऊन पडद्याच्या कडेने बाहेर आल्या.

“फोन ठिव, सोम्या. म्या घेतला व्हता.”

“माय, तू?” सोमेश्वरच्या हातातला फोन तसाच राहिला. राधेश्याम खुर्चीतून अर्धवट उठला आणि तसाच थांबला. पुंजाराम आ वासून बघत होता.

अण्णांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. त्यांच्याखेरीज फक्त आम्हा तिघांनाच माहीत होतं की तो का पडला.

“डबा उघडला?” त्यांनी विचारलं.

“उघडला.”

“मंग?”

“मंग काय? रीळ हाय त्यात,” गोजरबाई म्हणाल्या. “रिळाच्या डब्यात दुसरं काय असतंय?”

अण्णांच्या खांद्यांना हुंदका आला. एक, मग दुसरा. लोकांना वाटलं, रीळ सापडल्याच्या आनंदाने म्हातारा रडतोय. मंडळातल्या एकाने तर पुन्हा टाळ्या वाजवायला हात उचलले, ते मी मध्येच धरले.

“पुंजा,” अण्णा म्हणाले, “इकडं ये. धरायला तुझे पाय घावत न्हाईत मला, दिसत न्हाई बराबर. पुढं ये.”

“आवो अण्णा, काय करून राह्यले!” पुंजारामने त्यांचे हात वरच्या वर धरले. दोघंही रडत होते.

अरुंधतीने सोमेश्वरला व्हरांड्यात नेलं आणि पिशवी उघडून दाखवली. तो खांबाला धरून खाली बसला. पुण्याचे लोक नंतर येतील, उद्या सकाळी आधी डॉक्टरकडे, नुसत्या डोळ्यांच्या नाही, असं तिने त्याला दोनदा बजावलं. त्याने दोन्ही वेळा मान हलवली. पुडी त्याने नेली नाही, ती मी नेली आणि तिची नीट विल्हेवाट लावली. कशी, तेही विचारू नका.

“रीळ लावू का, अण्णा?” पुंजारामने विचारलं.

“लाव,” अण्णांऐवजी गोजरबाई बोलल्या. “अन् तुम्ही उठा. तिकडं चला माझ्याकडं.”

“तिकडं? बायकांत?”

“मला आता सरळ कसं दिसतं ते म्हाईत झालंय. तुम्हाला उलटं म्हाईत न्हाई. अन् पुढं दिसंनासं झालं का मलाच सांगावं लागल ना, काय चाल्लंय ते? मंग कुठून बघितलेलं सांगते ते तं तुम्हाला कळलं पायजे.”

त्यांनी अण्णांचा हात धरला आणि त्यांना पडद्यामागे नेलं. गोणपाटावर दोघं शेजारी शेजारी बसली. पुंजारामने दिवा मालवला. मी माझी खुर्ची सोडली आणि पडद्याच्या कडेला, दोन्ही बाजू दिसतील असा उभा राहिलो. अरुंधतीही आली.

खुनी पकडला गेला की निसटला, ते विचाराल तर मला सांगता येणार नाही. मी पडद्याकडे बघतच नव्हतो. कापडातून झिरपलेला उजेड अण्णांच्या तोंडावर हलत होता. ते डोळे बारीक करून, मान पुढे काढून बघत होते. शेवटच्या दृश्यात तो एका हाताचा माणूस उजेडात आला तेव्हा अण्णांनी बायकोच्या हातावरची पकड घट्ट केली.

“गोजर,” ते म्हणाले, “डावीच हाय गं.”

“असूंद्या,” गोजरबाई म्हणाल्या. “बघा गप.”